‘मार हा आपला राष्ट्रीय पक्षी आहे’: मुलांच्या वहीतल्या चुकांवर हसावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चौथीतल्या मुलाने ‘माझा आवडता पक्षी’ या निबंधात लिहिलं, ‘मार हा आपला राष्ट्रीय पक्षी आहे. पावसाळ्यात मार पिसारा फुलवतो. मला मार फार आवडतो.’ घरात हशा पिकला. काकांनी पानाचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, तिथेही दिवसभर हसणं चाललं. तेव्हापासून मुलगा वही दप्तरातून बाहेर काढत नाही. अक्षर असं, की त्याचं त्यालाच लागत नाही. आई विचारते आहे: अशा चुकांवर आम्ही हसायचंच नाही का? अक्षर आणि शुद्धलेखन सुधारायचं कसं? आणि पुढे सगळं मोबाइलवर टाइपच करायचं असेल, तर याची एवढी काळजी करावी का?

मी मराठी शिकवते, आधी प्राथमिकच्या वर्गांना आणि नंतर पाचवी ते दहावीला. वह्यांच्या गठ्ठ्यांनी मला जितकं हसवलं तितकं दुसऱ्या कशानेच हसवलेलं नाही, त्यामुळे हसू नका असं मी सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की मुलाची चूक बहुतेक वेळा विचार करून केलेली असते. तो विचार आपल्याला दिसला तर हसू येतंच, पण ते मुलाच्या बाजूने येतं. तो दिसला नाही तर आपण मुलालाच हसतो. मुलांना हा फरक लगेच कळतो.

‘मार’चंच बघा. बरीच मुलं शब्द लिहिताना आधी सगळी अक्षरं काढतात, मग वरची रेघ ओढतात आणि सगळ्यात शेवटी मात्रा, वेलांट्या, टिंबं द्यायला मागे येतात. ‘मोर’मधला म झाला, काना झाला, र झाला, रेघ झाली, आणि तेवढ्यात पुढचं वाक्य डोक्यात आलं. मात्रा राहिली. मुलाला ‘मोर’ लिहिता येत नाही असा याचा अर्थ नाही. त्याचा विचार हातापेक्षा वेगाने पळतो एवढाच याचा अर्थ आहे, आणि ज्याला लिहायला काही सुचत नाही त्याच्या बाबतीत हे सहसा घडत नाही. मात्रा गाळणाऱ्या मुलांचे निबंध मी नेहमी जास्त उत्सुकतेने वाचते.

टिंबाचंही तसंच. एका मुलीने आंब्यावर निबंध लिहिला होता आणि टिंब द्यायला ती पहिल्या ओळीपासून विसरली होती. ‘आमच्या कोकणातल्या घरी दर वर्षी आबा येतो. आम्ही आबा पेंढ्यात ठेवतो. आठ दिवसांनी त्याला वास सुटतो. मग आई आबा कापते आणि आम्ही सगळे पोटभर खातो. उरलेल्या आबाचं लोणचं घालतो.’ मी ही वाक्यं फळ्यावर लिहिली. कोणाची आहेत ते सांगितलं नाही, ‘ही माझी वाक्यं, वाचा बघू’ एवढंच म्हटलं. दुसऱ्या ओळीला खुसखुस सुरू झाली आणि लोणच्यापर्यंत वर्ग बाकांवर आडवा झाला होता. जिने लिहिलं होतं तीही पोट धरून हसत होती. मग प्रत्येकाने वहीत दोन चित्रं काढली, एक पेंढ्यातल्या आंब्याचं आणि एक पेंढ्यात बसवलेल्या, वैतागलेल्या आबांचं. त्यानंतर त्या वर्गात आंब्याचं टिंब फारसं कोणी विसरलं नाही. ‘आंबा’ हा शब्द दहा वेळा लिहून आणायला सांगितला असता तर हा परिणाम झाला नसता, कारण दहा वेळा लिहिताना हात चालतो आणि लक्ष खिडकीबाहेर असतं. कित्येक मुलं तर दहाही वेळा चुकीचाच शब्द लिहून आणतात.

तेव्हा तुमच्या घरी काय करायचं ते सांगते. काकांना फोन करून तो फोटो ग्रुपवरून काढायला लावा, आणि काढल्याचं मुलाला सांगा. त्याची वही त्याला विचारल्याशिवाय कोणी कोणाला दाखवणार नाही, हे घरातल्या सगळ्यांसमोर ठरू द्या. मग काही दिवसांनी, त्याचा राग उतरल्यावर, निबंध त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा, जसा लिहिला आहे अगदी तसा. मुलं स्वतःचं लिखाण वाचताना मनातलं वाचतात, कागदावरचं वाचत नाहीत. तो ‘मोर’ असंच वाचेल. तिथे थांबवून बोट ठेवा. कागदावरचं वाचल्यावर जे हसू येईल ते पहिल्यांदा त्याचं असेल, तुमचं दुसऱ्यांदा.

आता अक्षरांमुळे होणाऱ्या गमतींकडे येते, कारण इथे देवनागरीची एक अडचण आहे आणि ती पालकांना सहसा कोणी समजावून सांगत नाही. ध आणि घ, भ आणि म ही अक्षरं बघा. ध आणि भ यांची डोकी वरच्या रेघेपाशी थोडी मोकळी असतात. घ आणि म यांच्यावर रेघ पूर्ण असते. मूल शब्द लिहून झाल्यावर पट्टीने ओढल्यासारखी एकच सरळ रेघ शब्दभर ओढतं, आणि त्या एका रेघेने ‘भात’चा ‘मात’ होतो, ‘धर’चं ‘घर’ होतं. ‘आई म्हणाली, पाणी भर’ याचं ‘पाणी मर’ होतं. सहावीच्या एका वहीत ‘माजी मुख्यमंत्री’ लिहिताना भ-म उलटे पडले होते आणि ‘गावात भाजी मुख्यमंत्री आले’ अशी बातमी तयार झाली होती. ख हे अक्षर सुटं सुटं काढलं की त्याचे र आणि व होतात. मग ‘आईने रवा भाजला’ आणि ‘आईने खा भाजला’ यांतलं कोणतं खरं, ते संदर्भाने ठरवावं लागतं.

एका अक्षराने अर्थाचा अनर्थ होतो हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि ‘धरावे’चं ‘मारावे’ केल्याची कथा तेव्हापासून सांगितली जाते. कथा खरी की रचलेली हा वाद इतिहासकारांचा. ‘ध चा मा’ मात्र आपल्या भाषेत कायमचा आला. पाचवी-सहावीला ही गोष्ट सांगून मग ध आणि म फळ्यावर काढले, की मुलं रेघेकडे एकदम आदराने बघायला लागतात.

यावर उपाय सोपा आहे. रेघ शब्दाच्या शेवटी एका झटक्यात ओढायची नाही. प्रत्येक अक्षराबरोबर त्याची रेघ द्यायची, किमान सहावीपर्यंत तरी. जुन्या मोडी लिपीत उलटा प्रकार होता, लिहिणारा आधी कागदभर रेघ ओढून घ्यायचा आणि मग तिच्याखाली अक्षरं काढत जायचा. तिथे अक्षरांची वळणंच त्या पद्धतीसाठी घडलेली होती. बालबोध, म्हणजे आपलं देवनागरी अक्षर तसं नाही.

शुद्धलेखनाच्या चुकांमध्ये ह्रस्व-दीर्घाचा वाटा सगळ्यात मोठा, आणि यात मुलाची बाजू मी नेहमी ठामपणे घेते. आपण बोलताना ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत फरक करत नाही. कानाला जो फरक ऐकूच येत नाही तो हाताने दाखवायचा, हे काम आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आपण सांगतो. नियमही डोकं लावून समजून घ्यावे लागतात. मराठी साहित्य महामंडळाने केलेले चौदा नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, १९७२ साली आणखी चार आले. त्याआधी ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’, ‘घरें’ असं टिंबं देऊन लिहीत. पणजोबांची जुनी पत्रं घरात असतील तर मुलाला काढून दाखवा. त्यांचं वळणदार, निर्दोष पत्र आज चौथीच्या बाईंकडे तपासायला दिलं तर पान लाल होऊन परत येईल. मुलांना याची फार मजा वाटते, आणि लेखनाचे नियम माणसांनी बसून, सोयीसाठी ठरवलेले असतात हेही त्यांना कळतं.

एक उदाहरण जवळून बघू. नियम असा, की मराठी शब्दाच्या शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ: गरीब, वकील, दूध, मूल, पीठ. त्याला प्रत्यय लागला की ती ह्रस्व होते: गरिबाला, वकिलाने, दुधात, मुलाला, पिठात. मूल ‘दूध’ शिकतं आणि पुढे ‘दूधात’ लिहितं. त्याने काय केलं? शिकवलेला शब्द जसाच्या तसा जपला आणि पुढे ‘त’ जोडला. हा तर्क बिनचूक आहे, फक्त नियमाचा दुसरा अर्धा भाग त्याच्यापर्यंत पोचलेला नाही. मग तो दुसरा भाग शिकवला, की मूल उत्साहाने सगळीकडे लावतं आणि लिहितं, ‘माझी ताई विद्यापिठात शिकते.’ संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द मात्र आपला इकार-उकार सोडत नाही, म्हणून ‘विद्यापीठात’. ‘विद्यापिठात’ लिहिलं की ताई थेट कणकेच्या डब्यात जाऊन बसते. मी हे वर्गात असंच सांगते. कणकेने माखलेली ताई ज्याच्या डोळ्यांपुढे एकदा आली, त्याला ते लक्षात ठेवावं लागत नाही. ‘मंदीर’ आणि ‘पंडीत’ लिहिणारं मूलही नियमच पाळत असतं, त्याला ‘मंदिर’ हा संस्कृत शब्द आहे हे माहीत नसतं एवढंच.

मोठी माणसंही यातून सुटलेली नाहीत. ‘जागतिक महिला दीन’ असं छापलेल्या फलकाखाली सत्कार झालेले मी पाहिले आहेत. दीन म्हणजे बिचारी, गरीब. ‘आपल्या सहकार्यामुळे काम सूकर झाले’ असं आभारपत्रात येतं, सुकर म्हणजे सोपं आणि सूकर म्हणजे डुक्कर. लग्नपत्रिकेत ‘आर्शिवाद’, चौकातल्या फलकावर ‘हार्दिक शुभेच्या’. ‘आर्शिवाद’ का होतो ते सांगते. ‘आशीर्वाद’मधला अर्धा र हा ‘वा’च्या आधी उच्चारतो, म्हणून रफार ‘वा’च्या डोक्यावर बसतो. लिहिणाऱ्याला शब्दात कुठेतरी रफार आहे हे आठवतं, पण बोलून बघायचं राहून जातं आणि रफार पहिल्या मोकळ्या डोक्यावर जाऊन पडतो. मुलांना घेऊन बाजारातून चालताना असे फलक शोधायचा खेळ खेळा. मात्र एक अट घाला: चूक सापडली की ती का झाली असेल हेही सांगायचं. वहीतल्या चुकांवर हसण्याची सगळी मजा या खेळात आहे आणि कोणाचं मन दुखत नाही.

अक्षर आणि वेलांटीच्या पलीकडच्या चुका मला सगळ्यात प्रिय आहेत. ‘वचन बदला’ या प्रश्नात घोडा-घोडे, मासा-मासे, कांदा-कांदे लिहून झाल्यावर एकाने लिहिलं होतं, ‘बाबा-बाबे’. नियम त्याने अचूक ओळखला होता, आकारान्त पुल्लिंगी नामाचं अनेकवचन एकारान्त होतं. काका, मामा, दादा, बाबा ही नात्यांची नावं त्याला अपवाद आहेत हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. ‘लिंग बदला’मध्ये वाघ-वाघीण पाठ झालं, की उंटाची उंटीण होते आणि मोराची मोरीण. सांडणी आणि लांडोर ऐकलेलीच नसेल तर मुलाने दुसरं काय लिहावं? ‘वाक्यात उपयोग करा’ हा तर खजिनाच आहे. ‘डोळ्यांत तेल घालणे: आईने माझ्या डोळ्यांत तेल घातले म्हणून मी खूप रडलो.’ ‘पोटात कावळे ओरडणे: रात्री पोटात कावळे ओरडले म्हणून बाबांनी मला डॉक्टरकडे नेले.’ वाक्यं व्याकरणदृष्ट्या बिनचूक आहेत, त्यात कारण आहे, परिणाम आहे, माणसं आहेत. मी अशा उत्तराला फुली मारत नाही. खाली अर्थ लिहून देते आणि अजून एक वाक्य करून आणायला सांगते. पहिल्या वाक्याखाली ‘वाक्य छान’ असं लिहायला विसरत नाही.

याउलट, गाइडातून पाठ केलेल्या निबंधात चूक नसते आणि हसूही येत नाही. चाळीस वह्यांमधल्या चाळीस आया पहाटे उठतात, सडा घालतात आणि प्रेमस्वरूप असतात, मग घरची आई रात्रपाळीला जाणारी नर्स असो की भाजीची गाडी लावणारी असो. मला ‘माझी आई रात्री कामाला जाते तेंव्हा मी दार लाउन घेतो’ असं दोन चुका असलेलं वाक्य हवं आहे. ‘तेव्हा’ आणि ‘लावून’ मी शिकवीन. ते दार लावून घेणारं मूल मला गाइडात मिळणार नाही.

एका बाबतीत मात्र मी हसण्याला सक्त मनाई करते. ‘पानी’, ‘लोनी’, ‘आनि’ लिहिणारं मूल चुकलेलं नसतं, त्याने घरी ऐकलेलं लिहिलेलं असतं. वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळा’चा ‘काया’ होतो. त्या मुलाच्या ‘डोया’ला वर्ग हसला तर तो त्याच्या आजीला हसतो, आणि ते त्याला नीट समजतं. मग ते मूल उत्तर येत असूनही हात वर करत नाही. मी अशा मुलाला सांगते, घरचा शब्द घरचा आहे, तो तुझ्याकडे ठेव. वहीत ‘डोळा’ लिहू, म्हणजे कोल्हापूरच्या मुलालाही वाचता येईल. आणि वर्गाला विचारते, तुमच्याकडे काय म्हणतात? पाच मिनिटांत फळा भरतो. ‘द्न्यान’ आणि ‘क्रुष्ण’ लिहिणारी मुलंही ऐकलेलं तसंच लिहीत असतात, मराठीत ज्ञ आणि ऋ यांचे उच्चार तसेच होतात. तिथे ‘यज्ञातला ज्ञ’ आणि ‘पोटफोड्या ष’ अशी अक्षरांची ओळख करून द्यायची, कानावर सोडायचं नाही.

आता अक्षर. ‘कोंबडीचे पाय’ हे शब्द घरात बंद करा, त्याने अक्षर सुधारल्याचं मी पाहिलेलं नाही. आधी मूल बसतं कसं ते बघा. पाय जमिनीला टेकतात का, वही पोटासमोर आहे का, डावा हात वही धरतो की डोक्याला टेकू देतो? पेन्सिल टोकाच्या अगदी जवळ धरून दाबली जाते का? पुढच्या पानावर हात फिरवा, मागचं अक्षर बोटाला लागलं तर मूल फार जोर देतं आहे. त्याचा हात दुखतो, म्हणून तो घाई करतो, म्हणून अक्षर बिघडतं. अशा मुलाला जास्त लिहायला लावून उपयोग नाही. मटार सोलू द्या, शेंगा फोडू द्या, कणीक मळू द्या, चिकणमातीचे बैल करू द्या. बोटांत ताकद आणि ताबा आला की निम्मं काम झालं. मूल डावखुरं असेल तर हात बदलायला अजिबात लावू नका, वही उजवीकडे थोडी तिरपी ठेवायला शिकवा आणि प्रकाश उजवीकडून येईल असं बसवा.

दुसरी गोष्ट रेघांची. देवनागरी अक्षर दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखं वरच्या रेघेला लटकतं आणि इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे सहा वर्षांचं मूल या दोन उलट सवयी एकदम शिकतं. बऱ्याच मुलांचं मराठी अक्षर खालच्या रेघेवर चढतं-उतरतं ते यामुळे. मराठीसाठी दुरेघी वही ठेवा, चौथीत असला तरी पुन्हा आणा, आणि त्याला सांगा की डोकं वरच्या रेघेला चिकटलं पाहिजे, पाय खालच्या रेघेला टेकले पाहिजेत. मात्रा आणि वेलांट्यांना वर जागा सोडायची, उकारांना खाली. दोन शब्दांत एक बोट अंतर. एवढ्याने अक्षर लागायला लागतं. मोत्यासारखं नंतर बघू.

सराव कखगघ क्रमाने करू नका. सारख्या वळणाची अक्षरं एकत्र घ्या: ग म भ न, व ब क, ट ठ ढ द, प ष फ ण, त ल. एका बैठकीत एकच कुटुंब, दहा मिनिटं, आणि ओळीच्या शेवटी मुलालाच विचारायचं की यातलं तुला सगळ्यात आवडलेलं अक्षर कोणतं, त्याला गोल कर. स्वतःचं चांगलं अक्षर शोधताना मूल वळणाकडे जितकं लक्ष देतं तितकं ते आपल्या सांगण्याकडे देत नाही. अक्षराचा आकार मध्यम ठेवा. समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समासच लिहिला आहे, त्यात ते बजावतात की तरुणपणी फार बारीक लिहिलेलं म्हातारपणी उपयोगी पडत नाही, आणि पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत आलं पाहिजे. हा दुसरा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. एकसारखं अक्षर सुंदर नसलं तरी वाचता येतं. गांधीजींचं स्वतःच्या अक्षराबद्दलचं दुःख त्यांच्या आत्मकथेत आहे. दक्षिण आफ्रिकेत वकिलांची आणि तरुणांची सुरेख अक्षरं पाहून त्यांना शरम वाटली, आणि मुलांना आधी चित्रकला शिकवावी, मग अक्षर, असं त्यांचं मत झालं. माझा अनुभवही तोच आहे. जे मूल बघून पानाचं, पक्ष्याचं चित्र काढतं ते अक्षराचं वळणही बघतं.

शुद्धलेखन तपासताना सगळ्या चुकांवर लाल पेन चालवू नका. पान लाल झालं की मूल कमी लिहायला शिकतं, आणि ‘मला मोर फार आवडतो’ऐवजी ‘मला कावळा आवडतो’ एवढ्यावर निबंध आटपतं. एक आठवडा फक्त टिंबं बघा. पुढचा आठवडा फक्त रफार. ओळीच्या समासात पेन्सिलीने एक खूण करा, म्हणजे या ओळीत काहीतरी आहे, आणि ते त्याला शोधू द्या. रोज पाच ओळींचं श्रुतलेखन घ्या, पण सांगताना ‘पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी’ असं पुरवू नका, नेहमीसारखं वाक्य बोला. नंतर पुस्तक उघडून त्याचं त्याने तपासायचं. जोड्या शिकवा: पिक म्हणजे कोकिळा आणि पीक म्हणजे शेतातलं, शिर म्हणजे डोकं आणि शीर म्हणजे रक्ताची. जोडीतल्या दोन्ही शब्दांचं चित्र निघालं पाहिजे, ही एकच अट.

हे सगळं काही महिने मनापासून करूनही फरक पडला नाही, तर मात्र थांबू नका. तोंडी उत्तरं झरझर देणारं मूल लिहायला बसलं की अडतं, फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळतं, एकच शब्द एका पानात तीन प्रकारांनी लिहितं, अक्षरं उलटी काढतं, असं आठ-नऊ वर्षांनंतरही चालू राहिलं तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. आळस नाही, खोडकरपणा नाही आणि बुद्धीचा प्रश्न तर मुळीच नाही. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, शासनमान्य रुग्णालयांत तिची तपासणी होते आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. शाळेच्या समुपदेशकांना किंवा वर्गशिक्षिकेला आधी भेटा. तुमच्या वर्णनावरून मला तुमच्या मुलाबद्दल तसं वाटत नाही, कारण त्याच्या निबंधात विचार ओळीने पुढे जातो आणि चूक एकाच शब्दाची आहे. पण मी त्याची वही पाहिलेली नाही, त्याच्या बाईंनी पाहिली आहे.

राहिला मोबाइलचा प्रश्न. टाइप करायला त्याला जरूर शिकवा, पण त्यामुळे शुद्धलेखन आपोआप होईल असं समजू नका. फोनला ‘दिन’ही बरोबर आणि ‘दीन’ही बरोबर, ‘आंबा’ही चालतो आणि ‘आबा’ही. दोन्ही शब्द खरे असल्यामुळे तो कुठेच अडवत नाही. शिवाय रोमन अक्षरं टाइप करून मराठी उमटवण्याच्या पद्धतीत बहुतेक वेळा वेलांटी फोन सुचवतो आणि आपण पहिली दिसेल ती स्वीकारतो. म्हणून पाचवी-सहावीत संगणकावर सुरुवात कराल तेव्हा इन्स्क्रिप्ट कळफलकावर करा. तिथे ह्रस्व वेलांटीची कळ वेगळी आणि दीर्घ वेलांटीची वेगळी, त्यामुळे प्रत्येक वेळी कोणती द्यायची ते मुलाला स्वतः ठरवावं लागतं.